दुकानांची हजेरी घेणाऱ्या बाई

आमच्या बाई वर्गात मुलांची नावं पुकारत नसत, दुकानांची पुकारत. "स्वामी झेरॉक्स?" "हजर, बाई." "अंबिका मेडिकल?" "हजर." "जय भवानी वेल्डिंग? अरे वेल्डिंग, तोंड हलतंय, आवाज कुठाय? माईक उघड." मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आल्मेरेत त्यांच्या लेकीच्या घरी, वॉशिंग मशीनच्या खोलीबाहेर, बाळाच्या अंघोळीचं तेल हातात घेऊन उभी होते. आत एक साठीच्या बाई, समोर एक फोन, बाकी कुणी नाही. मला वाटलं, घरात कोंडून घेऊन म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. ते दोन हजार वीसचं साल होतं, कुणाबद्दलही असं वाटावं असंच.

बाई लेकीच्या बाळंतपणाला म्हणून आल्या होत्या. बाळ झालं आणि विमानं बंद झाली. गुडघ्यांमुळे त्यांना बाळाला पायावर घेता येईना, म्हणून लेकीनं मला बोलावलं. मी त्याआधी आल्मेरेतल्या चार-पाच मराठी घरांतली बाळं पायावर घेतलेली. त्याच्या चार वर्षं आधी मी नवऱ्यामागोमाग इकडे आले होते. ते अ‍ॅमस्टरडॅमला एका हॉटेलात आचारी. शिकलेल्या लोकांच्या घरी शिरताना मला धास्ती असायची, की आता कुणी काही वाचायला देईल. या घरी तसं झालं नाही. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "गाव कुठलं गं?" मी सांगितलं. "अगं, मग तू आमच्याच माणदेशातली की!" माझ्या गावापासून बारा किलोमीटरवर त्यांचं कॉलेज. तिथं त्यांनी तीस वर्षं कॉमर्स शिकवलं आणि आदल्या वर्षी निवृत्त झाल्या. माझा धाकटा भाऊ सागर त्याच कॉलेजात बी.कॉम.ला होता. निवृत्तीनंतरही बाई स्वतःहून घेत असलेल्या या फोनवरच्या वर्गात तोही होता, हे मला तेव्हाच कळलं.

आमच्या भागात गलाईचा धंदा. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायची, तीही आपल्या गावात नाही, देशभरात. प्रत्येक घरातला एक तरी पोरगा मिसरूड फुटायच्या आत कुणा मामाच्या, चुलत्याच्या गलाईच्या दुकानात जातो. माझे वडीलही गेले आणि तिकडेच संपले. म्हणून माझी शाळा नववीत सुटली. बाई म्हणायच्या, "आपल्याकडं मुख्य पीक पोरांचं. पेरणी आपली, खुरपणी आपली, आणि काढणी तेवढी दुसऱ्याच्या रानात." हे त्या हसत म्हणायच्या.

वर्गातल्या प्रत्येकानं गावातलं एक दुकान दत्तक घ्यायचं, हा त्यांचा नियम होता. त्या दुकानाचा माल फोनवर चढवायचा, फोटो काढायचे, शिल्लक किती ते तक्त्यात भरायचं, बिलं फोनवर करायची, गिऱ्हाइकाला उत्तरं द्यायची. मी विचारलं, हे कॉमर्सच्या पुस्तकात असतं का? तेव्हा त्यांनी मला त्यांच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. तो बोर्डात आला होता. पुढं एकदा तो पेढे घेऊन घरी आला आणि म्हणाला, बाई, परदेशात ड्रायव्हरचं काम मिळतंय, तेवढा ईमेल लिहून द्या. "ज्याला मी ताळेबंद शिकवला," बाई म्हणाल्या, "त्याला स्वतःच्या फोनवरून चार ओळी पाठवता येत नव्हत्या. मग तो ड्रायव्हर होईल नाहीतर काय होईल? तो पेढा मी तसाच डब्यात ठेवला."

लॉकडाऊन लागला तशी गलाईची सगळी पोरं गावी परतली. बाई आल्मेरेत बसून ते ऐकत होत्या. बाकीचे काळजी करत होते. बाईंना घाई झाली. "मंगल, आयुष्यात पहिल्यांदा माझं गाव भरलंय," त्या म्हणाल्या. "गाड्या सुरू व्हायच्या आत जेवढं शिकवून होईल तेवढं शिकवते." त्यांच्या वर्गाची ही शर्यत होती, रेल्वेशी.

स्वतः बाईंना या विद्येतलं फारसं येत नव्हतं. रोज संध्याकाळी त्या जावयाकडून शिकायच्या आणि सकाळी मुलांना शिकवायच्या. जावई आयटीतले, चांगले पण उतावळे. "आई, एवढं सगळं त्यांना कशाला? एक व्हिडिओ पाठवून द्या ना." "अहो जावईबापू, व्हिडिओ काही विचारत नाही की तुला समजलं का." मग ते एखादा इंग्रजी शब्द टाकायचे. बाई पेन खाली ठेवायच्या. "हे मला समजेल असं सांगा. मला समजलं की पोरांना समजतंच, मी त्यांच्यातली सर्वांत ढ आहे." कपडे वाळत घालायच्या स्टँडला बाळाच्या दुपट्याच्या पट्टीनं फोन उलटा बांधायचा, खाली कागद ठेवायचा, आणि त्या कागदावर बाई आधी सगळं हातानं लिहून, रेघा मारून दाखवायच्या. मधेच मशीन फिरायला लागलं की अख्खा वर्ग थरथरायचा.

एक दिवस बाळाला दुपट्यात गुंडाळताना त्यांनी मला विचारलं, "शिक्षण किती तुझं?"

मी मान खाली घातली. "नववी. म्हणजे, नववीपण पुरी नाही."

"झकास! मला असंच गिऱ्हाईक पाहिजे होतं."

"मी? बाई, मला नाही जमायचं. सगळी कॉलेजातली पोरं..."

"गिऱ्हाइकाला कुणी मार्कलिस्ट विचारतं का? तू फक्त मालात खोट काढायची. भाव करायचा. माल परत करते म्हणायचं. बाजारात करत होतीस तसंच."

अशी मी त्या वर्गाची सरावाची गिऱ्हाईक झाले. आठवड्यातून तीन दिवस एकेका दुकानाला फोन लावायचा आणि सगळ्यांनी ऐकायचं. सागरनं तात्यांचं घोंगड्यांचं दुकान घेतलं होतं. तात्या म्हणजे आमच्या भागातले जुने विणकर. दुकान कसलं, माग आणि त्यापुढं बसायची एक चौकी.

"हॅलो, घोंगडीवाले का?"

"हो ताई... म्हणजे, बोला मॅडम."

"घोंगडं टोचतं म्हणतात. माझं कातडं नाजूक आहे."

"हिचं कातडं नाजूक! लहानपणी मला सोललंय हिनं," सागर पुटपुटला, माईक चालू ठेवून. वर्ग हसत सुटला.

"घोंगडीवाले," बाई म्हणाल्या, "गिऱ्हाइकाचं कातडं कसंही असो, उत्तर द्या."

मला तेव्हा कसं वाटायचं ते आता सांगता येणार नाही. घरी जाताना सायकल चालवताना मी उद्याची भांडणं मनात जुळवत जायची. शाळेत मला कुणी बोट वर कर म्हटलं नव्हतं. इथं वीस-बावीस वर्षांची पोरं माझ्या प्रश्नाला घाबरत होती.

पण एक गोष्ट मी बाईंपासून लपवली होती. सागरला इकडे आणायचं मी दोन वर्षांपूर्वीच कबूल केलं होतं. ह्यांच्या मालकाची दोन हॉटेलं, एक अ‍ॅमस्टरडॅमला, एक द हेगला. मालक म्हणाले होते, तुझा मेहुणा हाताला चपळ असेल तर बघू. सागर स्वयंपाक शिकायला म्हणून सुट्टीत एका ढाब्यावर राबला होता. आई एकटी पडेल हे मला कळत होतं. तरी मला वाटायचं, या देशात माझ्या रक्ताचं एक माणूस असावं. ज्या बाई गावातली पोरं गावात राहावीत म्हणून धडपडत होत्या, त्यांच्याच वर्गातून मी एक पोरगा काढून आणणार होते, आणि त्यांच्याच घरचा चहा पीत होते.

सरावाचाही एक नियम होता. ऑर्डर झाली की गिऱ्हाइकानं "सराव संपला" असं म्हणायचं, मग विद्यार्थ्यानं ती ऑर्डर पुसायची. जुलैत एकदा मी आमच्या घरून घोंगडीवाल्याला धारेवर धरलं होतं. म्हटलं, मला हॉटेलसाठी तीस घोंगड्या हव्यात, एकसारख्या, काळ्या. सागरनं माप विचारलं, मुदत विचारली, कागद केला, वाचून दाखवला. तेवढ्यात दुसऱ्या फोनवर ह्यांचा फोन आला. अ‍ॅमस्टरडॅमचं हॉटेल कायमचं बंद झालं. मालक द हेगच्या भटारखान्यात घेतायत, पण राहायला तिथंच लागेल. मी हातातला वर्ग तसाच बंद केला. ते दोन शब्द राहून गेले.

बाईंना वाटलं रेंज गेली. त्यांनी पुढचं दुकान घेतलं. सागरला मात्र वेगळंच वाटलं. ताई परदेशात, दाजी हॉटेलात, आणि ऑर्डर हॉटेलसाठी! परदेशातल्या माणसाचं बोलणं खोटं असू शकतं, हे आमच्या गावात कुणाच्या डोक्यात येत नाही. तो कागद घेऊन तात्यांकडं गेला. तात्यांनी लोकर आणली, चिंचोक्याची खळ शिजवली आणि मागावर बसले. तीन आठवड्यांनी मला फोटो आला. नऊ घोंगड्यांची चळत, शेजारी तात्या, नवा सदरा घालून. खाली सागरनं लिहिलं होतं, 'ताई, नऊ झाल्या. शेठला सांग, बाकीच्या दिवाळीपर्यंत.'

दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बाळ हातातून निसटता निसटता राहिलं, तेव्हा बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चहा ढवळायचा थांबवला.

"तात्यांना तू सांगतेस का मी सांगू?"

"तुम्ही सांगा, बाई."

"म्हणजे तूच सांगायला पाहिजेस."

त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. मी काय बोलले ते आठवत नाही, तात्या काय म्हणाले ते आठवतं. "पोरी, गिऱ्हाईक खोटं निघालं. घोंगडं तर खरं हाय न्हवं? मग रडतीस कशाला?"

दुसऱ्या दिवशी वर्गात मी शिव्यांची वाट बघत बसले. बाई म्हणाल्या, "चूक माझी. सराव आणि खरं यांच्यामध्ये मी दोन शब्दांची भिंत ठेवली. एवढी पातळ भिंत कुणी बांधतं का? आता नऊ घोंगड्या आहेत. उद्यापासून सराव बंद. विकायच्या."

सागरनं पहिली जाहिरात लिहिली, 'उत्तम दर्जाची घोंगडी, त्वरा करा.' बाईंनी ती परत पाठवली. "हे सगळेच लिहितात. तात्यांजवळ जाऊन बस. जे दिसेल तेच लिही." तो चार दिवस बसला आणि लिहिलं, की या घोंगडीला मेंढीचा वास येणार, दमट हवेत जास्त येणार, चिंचोक्याच्या खळीमुळं सुरुवातीला ती पुठ्ठ्यासारखी ताठ असणार, अंगाशी जमायला तिला एक हिवाळा लागतो, एवढा धीर नसेल तर घेऊ नका. नऊच्या नऊ गेल्या. वर आणखी मागण्या आल्या. तात्यांचा माग थांबला नाही. सागरचा फोनवरचा आवाजच बदलला. आता तो मला लोकरीबद्दल सांगायचा, पार्सलच्या पिशव्यांबद्दल सांगायचा. आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी धाकधूक व्हायची, कारण "ताई, माझ्या कागदांचं काय झालं?" हे तो कमी कमी विचारायला लागला होता.

तोवर गाड्या सुरू झाल्या होत्या.

"अंबिका मेडिकल?" काही नाही. बाई पुढचं नाव घ्यायच्या. "जय भवानी वेल्डिंग?" वेल्डिंगनं आगगाडीच्या खिडकीचा फोटो पाठवला होता, 'सॉरी बाई, मामाचा फोन आला, सेलमला चाललो.' बाईंनी तो चष्मा लावून वाचला आणि मला विचारलं, "सेलमला ऊन फार असतं का गं?" एकतीस दुकानांची चौदा राहिली, तरी त्या एकतीस नावं पुकारत. लेक म्हणाली, "आई, काढून टाक ना गेलेल्यांची. ऐकवत नाही." "दुकान आहे ना जागेवर? मग नाव कसं काढू?" त्या दिवशी त्या खिडकीशी बराच वेळ उभ्या होत्या. आल्मेरे समुद्राच्या तळावर वसवलंय, हे जावयानं त्यांना नकाशावर दाखवलं होतं. "या लोकांनी समुद्र मागं सारून गाव केलं," त्या म्हणाल्या. "आपल्याकडं आयतं गाव आहे, तर त्यात माणसं राहीनात."

सप्टेंबरात सागरनं इकडं यायच्या कागदांना जोडायला म्हणून त्यांच्याकडं कॉलेजच्या दाखल्यासाठी पत्र मागितलं, आणि माझं गुपित फुटलं. मी बाळाचे कपडे घडी करत होते. बाई शेजारी येऊन बसल्या.

"सागरला इकडं आणतेस?"

मी एकदम रडायलाच लागले. म्हटलं, बाई, तुमचा एक विद्यार्थी मी...

"थांब. मी कुणाला अडवत नाही. अडवणारी असते तर माझी एकुलती एक लेक इथं असती का?" हे त्यांनी स्वयंपाकघराकडं बघत, हळू सांगितलं. "जाणाऱ्याला दोन रस्ते दिसावेत, एवढाच माझा हट्ट. आणि दोन्ही खरे दिसावेत. तू त्याला इथलं काय दाखवलंयस?"

मी फोन दिला. ट्युलिप, कालवे, सायकलवर मी, बर्फात मी. बाई एकेक फोटो सरकवत गेल्या.

"हे सगळे घराबाहेरचे. घर कुठाय?"

घर म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली. खालचं स्वयंपाकघर दुसऱ्या कुटुंबाबरोबर, पाळीपाळीनं. खिडकीच्या कडेला काळी बुरशी. पुसली की आठ दिवसांत पुन्हा. आमचे हे द हेगला, हॉटेलच्या वरच्या खोलीत, आणखी चौघांबरोबर. पंधरा दिवसांनी एकदा यायचे. गावी फोन करताना मी कॅलेंडरच्या भिंतीला टेकून बसायची, तेवढीच भिंत बरी होती.

"सांगशील त्याला?"

"सांगते."

"कधी?"

"या रविवारी."

ऑक्टोबरात बाई गावी गेल्या. व्हिसाची वाढवलेली मुदतही संपली होती. निरोप दारातच झाला, दोघींच्या तोंडावर मास्क. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "वाकू नको, माझे गुडघे गेलेत, तुझे सांभाळ." अंतर ठेवायचे दिवस होते, तरी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि काढताना म्हणाल्या, "रविवार बरेच झाले गं."

त्या हिवाळ्यात आणखी बरेच रविवार झाले. बाई गावाहून वर्ग घ्यायच्या, दर आठवड्याला मला फोन करायच्या, बाळाला दात आले का विचारायच्या. ती एक गोष्ट मात्र कधी विचारायच्या नाहीत. विचारलं असतं तर बरं झालं असतं. द हेगच्या मालकांनी उन्हाळ्याच्या आत माणूस हवा म्हणून कागद पुढं सरकवले. सागर हो म्हणेना, नाही म्हणेना. मी रोज त्याला फोन करायची, आणि रोज कॅलेंडरच्या भिंतीला टेकून.

एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत बाई गेल्या. तालुक्याच्या दवाखान्यात, पाच दिवसांत. लेकीचा फोन आला तशी मी सायकल काढली. विमान मिळण्याचा प्रश्नच नव्हता, आणि मिळून पोचेपर्यंत काही उरणार नव्हतं. ती खुर्चीत बसून होती, हातात फोन, पडदा बंद.  मी बाळाला उचललं आणि न्हाऊ घातलं. आता ते पायावर मावत नव्हतं.

खोलीवर आले तर सागरचा व्हिडिओ कॉल. दुपार होती. तो तात्यांच्या चौकीवर बसला होता, डोळे लाल.

"ताई, दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी बाईंचा फोन आलेला. विचारत होत्या, ताईचा फोन आला का. म्हटलं, येतो की, रोज येतो. तर म्हणाल्या, रोजचा नव्हे." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "रोजचा नव्हे म्हणजे कुठला गं?"

मी भिंतीपासून उठले आणि कॅमेरा वळवला. त्याला बुरशी दाखवली. गादी दाखवली, जी दिवसा उभी करून ठेवावी लागते. जिन्यावरून खाली जाऊन स्वयंपाकघरातलं आमचं एक फळीचं कपाट दाखवलं. तू आलास तर इथं नाही राहणार, दाजींच्या खोलीत राहशील, दोन मजली खाटेवर, सहावा. इथं डॉक्टरकडं फोन करायचा असला तर मी दोन दिवस आधीपासून वाक्य पाठ करते. या देशात आल्यापासून मला नावानं हाक मारलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातल्या एक आज गेल्या. मग वाटलं, दुसऱ्या बाजूनंही खोटं नको. म्हणून तेही सांगितलं, की मालक वाईट नाहीत, रस्त्यात कुणी छेडत नाही, आणि एकटी सायकलवर कालव्याकडेनं जाताना मला कधी कधी फार मोकळं वाटतं.

 सागरच्या मागून मागाची खटखट ऐकू येत होती.

"ताई," तो म्हणाला, "मग तू परत का येत नाहीस?"

सागर आला नाही. मालकांनी त्या जागी दुसऱ्या कुणाला आणलं. पण ते सगळं पुढच्या महिन्यात. त्या दुपारी तो प्रश्न त्यानं पुन्हा विचारला नाही. तो नुसता बघत होता, खिडकीकडं, गादीकडं, माझ्याकडं. पाच वर्षांत पहिल्यांदा माहेरचं कुणीतरी माझ्या खोलीत आलं होतं, आणि मला फोन ठेववेना.